‘तुषार’ नावाचा घोळ : रुग्णालयांतील श्वसनसंसर्ग आणि नाशिक

मार्च २०२० च्या अखेरीस निफाड तालुक्यात जिल्ह्यातला पहिला कोरोनारुग्ण सापडला. त्याच सुमारास, २८ मार्चला, जागतिक आरोग्य संघटनेने ठणकावून सांगितले की हा विषाणू हवेतून पसरत नाही; तो खोकल्या-शिंकेच्या तुषारांतून पसरतो आणि तुषार जड असल्याने जवळच खाली पडतात. पुढचे सगळे याच वाक्यातून निघाले. हात धुवा, अंतर ठेवा, टेबल-कठडे पुसा. पाठीवर हायपोक्लोराइट या जंतुनाशकाचे पंप घेतलेली माणसे वॉर्डावॉर्डांतून फिरू लागली. खिडक्यांचा विषय मात्र मागेच राहिला.

मराठीत हा शब्द आणखी फसवतो. तुषार म्हटले की आपल्याला तुषार सिंचन आठवते : थेंब दिसतो, पडतो, जमीन भिजते. पण याच निफाड-दिंडोरीतल्या द्राक्षबागायतदाराला विचारा. ब्लोअरने फवारताना मोठा थेंब पानावरून ओघळतो आणि बारीक धुके वाऱ्यावर शेजारच्या बागेत जाते. वारा पडलेला बघून फवारायचे, हे त्याला कोणी शिकवावे लागत नाही. माणसाच्या तोंडा-नाकातूनही दोन्ही निघते. बारीक कण तर नुसते बोलतानासुद्धा.

मग जड कुठला आणि तरंगणारा कुठला? नियमावल्यांत रेघ ५ मायक्रॉनवर (मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग) मारलेली होती. वास्तविक १९३० च्या दशकात अमेरिकेत जी आकडेमोड झाली, तिच्यात ही रेघ १०० मायक्रॉनच्या आसपास येते. त्याहून लहान थेंब जमिनीवर पडण्याआधीच सुकतो आणि हवेत राहतो. ५ मायक्रॉनचा आकडा क्षयरोगाच्या अभ्यासातला. फुप्फुसाच्या अगदी खोल कप्प्यात शिरायचे तर कण एवढा लहान असावा लागतो, इतकाच त्याचा अर्थ. खोल शिरणे आणि तरंगत राहणे या दोन वेगळ्या गोष्टी कुठेतरी एकीत एक मिसळल्या, आणि काही दशके पुस्तकातून पुस्तकात तशाच उतरत गेल्या. जुने कागद उकरून हा गुंता सोडवला गेला तो २०२१ मध्ये.

‘हवेतून पसरतो’ म्हणायला विरोध करणाऱ्यांचीही अडचण होती, हे मान्य केले पाहिजे. ‘हवेतून’ म्हटले की प्रत्येकाला एन-९५ द्यावा लागतो, आणि तेव्हा मास्क मिळत नव्हते. म्हणून मधला मार्ग निघाला : श्वासनलिकेत नळी घालण्यासारख्या कामांना एन-९५, बाकी शुश्रूषेला साधा मास्क. खोकणाऱ्या रुग्णाचे अंथरूण बदलणाऱ्या मावशींना हा फरक कसा समजावायचा, ते नियम लिहिणाऱ्यांनी सांगितले नाही.

जुलै २०२० मध्ये २३९ शास्त्रज्ञांनी जाहीर पत्र लिहून हरकत घेतली. संघटनेकडून स्पष्ट दुरुस्ती झाली ३० एप्रिल २०२१ ला. त्याच्या नऊच दिवस आधी, २१ एप्रिलला, नाशिकच्या महापालिका रुग्णालयात ऑक्सिजनच्या टाकीला गळती लागून त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. शहर सिलिंडरमागे धावत होते. वॉर्डातल्या साध्या हवेचा विचार करायला कोणाला उसंत होती? २० मेला केंद्राचे पत्रक आले : सूक्ष्म कण १० मीटरपर्यंत जाऊ शकतात, दारे-खिडक्या उघडा. २०२४ मध्ये तर मोठा-लहान हा भेदच परिभाषेतून काढून सगळ्यांना ‘श्वसनमार्गातले संसर्गजन्य कण’ म्हणायचे ठरले.

खरे तर हवेचे महत्त्व नाशिकला नवे नव्हते. देवळालीची कोरडी हवा मानवते म्हणून मुंबईकर तिथल्या आरोग्यधामांत, म्हणजे सॅनेटोरियममध्ये, येऊन राहत. लांब व्हरांडे, उंच छत, समोरासमोर खिडक्या. क्षयावर गोळ्या आल्या, आणि १९५९ मध्ये मद्रासच्या अभ्यासाने दाखवले की घरी राहून औषध घेणाराही सॅनेटोरियममधल्याइतकाच बरा होतो. सॅनेटोरियमची गरज संपली, ती चांगलीच गोष्ट. पण त्याबरोबर हवा खेळती ठेवण्याची सवयही सुटली. त्याच काळात अमेरिकेतल्या बाल्टिमोरमध्ये क्षयवॉर्डातली हवा नळ्यांतून गिनीपिगांपर्यंत नेली होती आणि त्यांना क्षय झाला होता, तरी.

२००७ मध्ये पेरूतल्या लिमा शहरातल्या रुग्णालयांची मोजणी प्रसिद्ध झाली. दारे-खिडक्या उघड्या असताना खोलीतली हवा तासाला साधारण २८ वेळा बदलत होती. यंत्रांनी हवा खेचणाऱ्या खास खोल्यांसाठी शिफारस असते १२ वेळांची. आपल्याकडे भिंतीवर लावतात तो स्प्लिट एसी बाहेरची हवा आत घेतच नाही, खोलीतलीच गार करून परत सोडतो. खासगी रुग्णालयाच्या बंद काचांआडच्या ओपीडीत बसलेले तीस जण एकमेकांचा श्वास वाटून घेत असतात.

यावर ‘खिडकी उघडा’ एवढेच सांगून भागत नाही. पावसाळ्यात डासांमुळे ती बंद होते, म्हणून आधी जाळी हवी. हिवाळ्यात तर निफाडचा पारा काही वर्षी पाच अंशांच्याही खाली जातो, आणि रात्रपाळीची सिस्टर उघडी ठेवून गेलेली झडप रुग्णाचे नातेवाईक उठून लावून घेतात.