कापसाच्या लाइनीवरचं गाव, १:८७ मध्ये

मूर्तिजापूर-यवतमाळ ही शकुंतला या वऱ्हाडातल्या छोट्या गाडीची लाइन ११३ किलोमीटरची आणि रुळांमधलं अंतर ७६२ मिलिमीटर. तिचं मॉडेल १:८७ मध्ये, म्हणजे मॉडेल रेल्वेतल्या एचओ प्रमाणात करायचं, तर याला ८७ नं भागलं की ८.७६ येतात. एन गेज या आणखी लहान मॉडेल-मापाचा बाजारात मिळणारा रूळ ९ मिलिमीटरचा असतो, म्हणजे चूक पाव मिलिमीटरपेक्षा कमी. ब्रॉडगेजवाल्यांना हे सुख नाही. आपलं १६७६ मिलिमीटरचं ब्रॉडगेज एचओ मध्ये १९.३ मिलिमीटर भरतं आणि तयार रूळ मिळतो १६.५ चा. म्हणून वऱ्हाडातल्या छोट्या लाइनीचं मॉडेल करणाऱ्याचा रूळ पहिल्याच दिवशी जमतो. अडतं ते गावावर. दारव्हा किंवा कारंजा शोभेल असं एकही घर किटच्या, म्हणजे जोडायच्या सुट्या भागांच्या, डब्यात मिळत नाही. असं का झालं आणि त्यावर काय करायचं, त्याची ही पार्श्वभूमी.

खेळण्यातल्या रेल्वेला ठरावीक मापं मिळाली १८९१ मध्ये, जर्मनीच्या मार्कलिन कंपनीनं क्रमांकवार गेज बाजारात आणली तेव्हा. त्या काळची स्टेशनं छापील पत्र्याची होती आणि प्रमाणाची फिकीर कोणी करत नसे. दार माणसापेक्षा बुटकं निघालं तरी चालायचं. १९२२ मध्ये बिंग कंपनीनं टेबलावर मावणारी रेल्वे काढली, १९३५ मध्ये मार्कलिननं आणि १९३८ मध्ये हॉर्नबीनं त्याच आकाराची. इथेच एक घोळ झाला, तो आजही गिऱ्हाइकाला भोवतो. ओ स्केल म्हणजे फुटाला ७ मिलिमीटर, एचओ म्हणजे त्याच्या निम्मे, साडेतीन. पण इंग्लंडची इंजिनं मुळातच अरुंद, त्यांच्यात तेव्हाची मोटर बसेना. म्हणून इंग्रजांनी रूळ तोच ठेवला आणि डबे-इंजिनं फुटाला ४ मिलिमीटरनं मोठी केली. हेच ओओ, १:७६. परिणाम असा की सात फुटी दार एचओ मध्ये साडेचोवीस मिलिमीटर आणि ओओ मध्ये अठ्ठावीस. इंग्लिश किट आणि जर्मन माणसं एकत्र मांडली की गावातले सगळे बुटके दिसतात.

दुसऱ्या महायुद्धानंतर खरी घरं आली. १९४६ मध्ये ब्लॅक फॉरेस्टमधल्या ग्युटेनबाखला फालर बंधूंनी कारखाना काढला आणि १९५० च्या दशकात ही घरं प्लास्टिकच्या साच्यांतून निघू लागली. साचा महाग, त्यामुळे तो हजारो डबे खपतील अशाच घराचा करायचा. ते घर अर्थातच बर्फाच्या गावचं: पन्नास अंशांचं छप्पर, धुराडं, बंद खिडक्या, भिंत दीड-दोन मिलिमीटर. त्याला चुन्याचा रंग मारून वऱ्हाडी घर होत नाही. मंगळुरी कवेलूचं (कौलांचं) छप्पर साधारण तीस अंशांचं, टिनाचं त्याहून पसरट, आणि पुढे ओसरी हवीच.

किटच्या बरोबरीनं पुठ्ठ्याची परंपराही चालत आली. इंग्लंडमधल्या पेंडन संग्रहालयाची (१९५४) खेडी बहुतांशी पुठ्ठ्याची आहेत. आपल्याकडे पुण्याचं जोशींचं मिनिएचर रेल्वे संग्रहालय १९९८ पासून आहे, आणि नागपूरच्या मोतीबागेत २००२ पासून नॅरोगेजचं संग्रहालय. माप घ्यायचं तर मोतीबागेतल्या खऱ्या गाड्यांसारखा आधार नाही. त्यात खेळण्यांवरचं आयात शुल्क २०२० मध्ये २० वरून ६० टक्के आणि २०२३ मध्ये ७० टक्के झालं. स्केल मॉडेलं त्याच शीर्षकाखाली येतात. परदेशी डबा मागवायचा विचार बऱ्याच जणांनी तिथेच सोडला.

आता गाव. अमेरिकेतल्या यादवी युद्धामुळे (१८६१-६५) मँचेस्टरचा कापूस अडला आणि वऱ्हाडाकडे लक्ष वळलं. जीआयपी (ग्रेट इंडियन पेनिन्सुला) रेल्वे १८६७ मध्ये नागपुरात पोचली, खामगावचा फाटा १८७० चा. पुढे किलिक निक्सन कंपनीनं मूर्तिजापूरहून यवतमाळ आणि अचलपूर, शिवाय पुलगावहून आर्वी अशा लहान लाइनी टाकल्या, त्याही कापसासाठीच. म्हणून इथल्या स्टेशनगावाचा मध्य देऊळ किंवा वेस नसून जीन, म्हणजे कापसातली सरकी काढायचा कारखाना, आहे. स्टेशन, मालधक्का, जिनिंग-प्रेसिंग, अडत्यांची दुकानं, मग वस्ती, असाच क्रम मांडावा. जुनं गाव त्यापासून लांब असतं. ते टेबलावर घेतलं नाही तरी बिघडत नाही.

साल आधी ठरवावं, कारण छप्पर त्यावर ठरतं. मंगळुरी कवेलूचा पहिला कारखाना बासेल मिशननं १८६५ मध्ये मंगळूरला काढला. आपल्याकडे ते कवेलू रेल्वेनं आले, म्हणून स्टेशनावर आणि सावकाराच्या वाड्यावर आधी दिसतात. गरिबाच्या घरावर हातानं थापलेले देशी कवेलू, आणि बुलढाणा-अकोल्याकडे धाबं, म्हणजे मातीचं सपाट छप्पर. भंडारा-गोंदियाच्या पावसात धाबं टिकत नाही, तिथे ते दाखवू नये. टिन पुढे सगळीकडे पसरलं, त्याला एक कारण कवेलू विस्कटणारी वानरं. कवेलू दर वर्षी कोण फेरणार! शकुंतलेवर मँचेस्टरला १९२१ मध्ये बनलेलं झेडडी जातीचं वाफेचं इंजिन १५ एप्रिल १९९४ पर्यंत धावलं. वाफेचं इंजिन ठेवायचं असेल तर घरांवर डिश अँटेना नको.

भिंतीत बहुतेकांची फसगत होते. इथली भिंत दीड-दोन फुटांची, म्हणजे एचओ मध्ये ५ ते ७ मिलिमीटर. दीड मिलिमीटरचा माउंट बोर्ड (जाड पुठ्ठा) कापून चौकट चिकटवली की घर खोक्यासारखं दिसतं, कारण खिडकी भिंतीत आत गेलेली दिसत नाही. फ्लेक्सवाल्याकडे ५ मिलिमीटरचे सनबोर्डचे (फोमच्या हलक्या पाटीचे) तुकडे फुकट पडलेले असतात. त्यात खिडकी कापावी, बाहेरून लग्नपत्रिकेचा जाड कागद लावावा आणि चौकट आतल्या बाजूला बसवावी. सावली आपोआप पडते. फेविकॉल फक्त बाहेरच्या बाजूला लावला तर सुकताना पुठ्ठा वाकतो. आतूनही तसाच कागद लावावा आणि वजनाखाली रात्रभर ठेवावं. सनबोर्डला फेविक्विक लावू नये, आतला फोम विरघळतो. खिडकीच्या पारदर्शक प्लास्टिकवर त्याच्या वाफेनं पांढरी झाक येते, ती निघत नाही. कणकेची खळ वापरायची तर चिमूटभर मोरचूद घालावं, नाहीतर कसर लागते. मे महिन्यात टिनाखालच्या खोलीत ही घरं ठेवली की उष्णतेनं सनबोर्ड फुगतो आणि पावसाळ्यात उघडा पुठ्ठा ओल धरतो. त्यामुळे कापलेल्या कडांना लाखेच्या पॉलिशचा एक हात आधीच द्यावा.

टिनाच्या पन्हळीतलं अंतर खऱ्यात तीन इंच, एचओ मध्ये ०.८७ मिलिमीटर. खोक्याच्या पुठ्ठ्यातली पन्हळ याच्यापेक्षा कितीतरी मोठी, म्हणून ती खोटी दिसते. हार्डवेअरच्या दुकानातून एम-५ चा आटे असलेला रॉड आणावा. त्याच्या आट्यांतलं अंतर ०.८ मिलिमीटर. जेवणाच्या पार्सलमध्ये येणाऱ्या अॅल्युमिनियमच्या डब्याचा तळ सपाट करून माउस पॅडवर ठेवावा आणि त्यावरून रॉड जोरात लाटावा. रॉड घासत ओढला तर पत्रा फाटतो, फिरतच गेला पाहिजे. आटे तिरपे असल्यानं रेघा सुमारे तीन अंश कलतात. पत्रा नंतर रेघांना धरून कापावा, डब्याच्या कडेला धरून नाही. आठ फुटी टिन २८ मिलिमीटरचं, रुंदी साधारण ९. एकेक तुकडा वेगळा लावून पन्हळ एकमेकीवर चढवावी, एखादा गंजका लावावा. देशी कवेलूसाठी याच पत्र्याच्या अडीच मिलिमीटरच्या पट्ट्या खालून वर थोड्या वेड्यावाकड्या चढवायच्या. मंगळुरी कवेलू चौरस मीटरला १५ बसतात. एचओ मध्ये ओळ ३.७ मिलिमीटरची आणि कवेलूची रुंदी २.४.

जोतं विसरू नये. काळी माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात भेगाळते, म्हणून दगडी जोतं दोन फुटांचं, म्हणजे ७ मिलिमीटर. तरी भिंती तडकतातच: खिडकीच्या कोपऱ्यापासून तिरपी जाणारी तड बारीक पेन्सिलनं काढावी, घरामागे एक पुरे.

जीन टेबलावर मावत नाही. दीडशे फुटी इमारत ५२५ मिलिमीटर होते. अशा वेळी उंची किंवा दारं लहान करू नयेत. बारा खण असतील तर सहा घ्यावेत. प्रेसचा, म्हणजे कापसाच्या गाठी दाबायच्या यंत्राचा, भाग बाकीपेक्षा उंच ठेवावा, कारण जुना प्रेस उभा असायचा, आणि साठ फुटी धुराडं २१० मिलिमीटरचं करावं. गाठी साधारण चार फूट लांब, एचओ मध्ये १४ मिलिमीटर. सुताराकडच्या ६ मिलिमीटरच्या चौकोनी पट्टीचे तुकडे, वर गोणपाटाच्या रंगाचा टिश्यू आणि काळ्या दोऱ्याचे तीन-चार वेढे. आवारातल्या कापसाच्या गंजीसाठी (ढिगासाठी) मात्र खरा कापूस वापरू नये. या प्रमाणात त्याचे तंतू दोरीएवढे जाड दिसतात आणि गंजीऐवजी ढग उतरल्यासारखं वाटतं. पीओपीचा ढेपाळ ढीग करून तो ओला असताना दात घासायच्या ब्रशनं टोचावा आणि रंग पांढरा न देता किंचित मळकट पिवळसर द्यावा.