टपरीवरची पाटी आणि अडकलेली सात वर्षे

वाशी-नेरूळच्या सेक्टरांत किंवा ठाण्यात नौपाड्याच्या गल्ल्यांत शाळा-कॉलेजची वाट पानटपरीवरूनच जाते. त्यामुळे तंबाखूच्या जाहिरातबंदीची खरी परीक्षा इथे टीव्हीवर नव्हे, टपरीच्या कपाळावर झाली.

पाकिटावरचा वैधानिक इशारा 1975 च्या कायद्यातला. टीव्हीवरच्या जाहिराती 2000 साली थांबल्या, पुढच्याच वर्षी सिगारेट कंपनीने क्रिकेट संघाचे प्रायोजकत्व सोडले. 2003 चा कायदा 1 मे 2004 पासून लागू झाला. 18 वर्षांखालच्यांना विक्री बंद, जाहिरातही बंद, पण एक फट ठेवून: विक्रीच्या दुकानावर पाटी चालेल.

ती पाटी कशी असावी, यावर सगळे अडले. उजळ दिव्यांच्या, ब्रँडच्या रंगांनी नटलेल्या पाट्या म्हणजे शाळेतून सुटणाऱ्या पोरांसाठी रोजची जाहिरातच होती. म्हणून 2005 च्या नियमांनी पाटी 60 बाय 45 सेंटिमीटरवर आणली. वर आरोग्याचा इशारा, खाली फक्त मालाचा प्रकार. ब्रँडचे नाव नाही, चित्र नाही, मागून दिवा नाही. नियम साधे आणि योग्य होते. विक्रेते न्यायालयात गेले, आणि 2006 मध्ये मुंबईतल्या उच्च न्यायालयाने या नियमांना स्थगिती दिली. ती उठली थेट जुलै 2013 मध्ये, सर्वोच्च न्यायालयात. मधल्या काळात पाचवीतली मुले बारावीच्या पुढे गेली. अंतरिम आदेश एवढा लांबावा आणि तोवर नियम कागदावर राहावेत, हे समर्थनीय नाही.

शाळेभोवतीच्या 100 यार्डांत विक्री नको, हा नियमही त्याच कायद्याचा. अंतर कुंपणापासून सरळ रेषेत मोजायचे, रस्त्याच्या वळणाने नव्हे. सेक्टरातच शाळा आणि खालीच दुकाने अशा नवी मुंबईच्या रचनेत हे वर्तुळ बरीच दुकाने गिळते, म्हणून वाद तिथे जास्त.

2012 मध्ये राज्यात गुटख्यावर बंदी आली. जाहिरातीचा नेम मग सरळ मालावरून त्याच नावाच्या वेलची आणि माउथ फ्रेशनरकडे वळला. पाकिटावरचे सचित्र इशारे 2016 पासून 85 टक्के जागा व्यापतात, पण सुटी सिगारेट घेणाऱ्या मुलाला ते दिसतच नाहीत. सुट्या विक्रीवर राज्याने 2020 मध्ये बंदी घातली. टपरीवर मात्र आजही एकेक सिगारेट मिळते.