पार्श्वभूमी : ‘संकरण’ या शब्दाचा घोळ

कार्बन चार बंध करतो हे १८५८ मध्ये मांडले गेले आणि ते चार बंध चतुष्फलकाच्या कोपऱ्यांकडे जातात हे १८७४ मध्ये. बंध म्हणजे इलेक्ट्रॉनांची सामाईक जोडी, हे १९१६ चे. तिन्ही वेळा पुरावा रासायनिक होता. कक्षक, म्हणजे अणूत इलेक्ट्रॉन सापडण्याच्या जागेचे गणिती वर्णन, तोवर जन्मलेच नव्हते.

पंचाईत १९२६ नंतर झाली. तरंग समीकरणाने कार्बनला बाहेरच्या कवचात एक गोल २एस आणि एकमेकांशी काटकोनात असलेले तीन २पी कक्षक दिले. मूळ अवस्थेत जोडी न झालेले इलेक्ट्रॉन दोनच. त्या हिशेबाने हायड्रोजनशी सीएच२ व्हायला हवा, तोही ९० अंशांच्या कोनाचा. मिथेनमध्ये मात्र चारही बंध सारखे आणि कोन १०९.५ अंश.

१९३१ मध्ये यावर तोड निघाली. चार कक्षकांची विशिष्ट प्रमाणात बेरीज-वजाबाकी केली की चार सारखे नवे कक्षक मिळतात. यालाच संकरण म्हणतात, आणि एक एस व तीन पी मिसळून झालेल्या या कक्षकांना एसपी३. एका दिशेला झेपावण्याची ताकद एसची १ धरली, तर पीची १.७३२ आणि मिश्र कक्षकाची २. ही ताकद जास्तीत जास्त हवी अशी अट घातली की १०९.५ अंश आपोआप बाहेर पडतात. गणित देखणे होते यात शंका नाही. घोळ झाला तो नावात.

‘संकरण’ म्हटले की काहीतरी घडते असे वाटते. आपल्याकडे तर ‘हायब्रीड’ म्हणजे आधी ज्वारी आठवते: दोन वाण, एक पेरणी, मग नवे बियाणे. पाठ्यपुस्तकांनी नेमकी हीच क्रमवार गोष्ट रचली. आधी २एसमधला एक इलेक्ट्रॉन २पीमध्ये चढतो, मग संकरण, मग बंध. चढायला मोलमागे सुमारे ४०० किलोज्यूल लागतात. दोन जादा सी-एच बंध प्रत्येकी सुमारे ४१५ परत देतात, म्हणजे व्यवहार फायद्याचा. हा जमाखर्च बरोबर आहे, पण तो कागदावरचा आहे. संकरित होऊन हायड्रोजनची वाट पाहणारा कार्बन कुठेही नसतो. संकरण ही रेणूतल्या इलेक्ट्रॉनांचे वर्णन करण्याची एक रीत आहे, अभिक्रियेची पायरी नव्हे. अकरावीत हे एक वाक्य सांगितले असते तर पुढचा निम्मा गोंधळ टळला असता.

१९७० च्या सुमारास प्रकाश-इलेक्ट्रॉन वर्णपटाने (प्रकाशाने इलेक्ट्रॉन उडवून त्याला लागणारी ऊर्जा मोजण्याची पद्धत) वाद पेटवला. चारही बंध सारखे, तर संयुजा (बाहेरच्या कवचातला) इलेक्ट्रॉन काढायला एकच ऊर्जा लागावी ना? मिथेनमध्ये दोन पट्टे दिसले, एक १४ इलेक्ट्रॉन व्होल्टच्या आसपास, दुसरा २३ च्या. ‘संकरण खोटे ठरले’ असे तेव्हापासून म्हटले जाते. ते घाईचे आहे. इलेक्ट्रॉन गेल्यावर उरलेली पोकळी एकाच बंधात बसत नाही, चारही बंधांत पसरते. चार संकरित बंधांची मिश्रणे केली तर एक खालची आणि तीन सारखी वरची अशाच पातळ्या मिळतात. पाण्यातल्या ‘सशाच्या कानांसारख्या’ दोन एकाकी जोड्यांचे (बंधात न गुंतलेल्या इलेक्ट्रॉन जोड्यांचे) भांडण याच जातीचे. तिथे पट्टे १२.६ आणि १४.७ वर येतात.

सेंद्रिय रसायनात ही रीत टिकली, कारण एसचा वाटा मोजमापांशी जुळतो. चुंबकीय अनुस्पंदनात कार्बन-१३ आणि हायड्रोजन यांचा युग्मन स्थिरांक (दोन अणुकेंद्रे एकमेकांवर किती प्रभाव टाकतात त्याचे माप) मिथेनमध्ये १२५ हर्ट्झ, एथिलीनमध्ये १५६, ॲसिटिलीनमध्ये २४९. एसचा वाटा गुणिले ५०० हा ढोबळ नियम यातून निघाला. सायक्लोप्रोपेनचे १६१ हर्ट्झ म्हणजे सुमारे ३२ टक्के एस, ‘एकेरी बंध म्हणून एसपी३’ या उत्तरातल्या २५ पेक्षा बरेच जास्त. आम्लताही त्याच दिशेने जाते. पीकेए (जितका कमी तितकी आम्लता जास्त) ईथेनचा ५० च्या आसपास, एथिलीनचा ४४, ॲसिटिलीनचा २५.

विद्यार्थी फसतो तो मोजणीच्या सूत्राने. सिग्मा बंध (दोन अणूंमधला पहिला, थेट बंध) अधिक एकाकी जोड्या, बेरीज चार आली की एसपी३. अमाइडच्या, म्हणजे कार्बोनिल (सी=ओ) कार्बनला जोडलेल्या, नायट्रोजनला हे लावा: तीन बंध, एक जोडी, उत्तर एसपी३. प्रत्यक्षात तो जवळपास सपाट असतो आणि त्याचा कार्बोनिल कार्बनशी असलेला बंध १३३ पिकोमीटरचा. साध्या अमाइनमध्ये कार्बन-नायट्रोजन बंध १४७ असतो. जोडी शेजारच्या कार्बोनिलमध्ये गुंतलेली असते, म्हणून ती पी कक्षकात हवी. फॉस्फीनमध्ये (पीएच३) चूक उलट्या बाजूने होते. मोजणी पुन्हा एसपी३ सांगते, कोन भरतो ९३.५ अंश, म्हणजे निव्वळ पीच्या ९० जवळ. आधी कोन पाहावा किंवा जोडी शेजारी गुंतली आहे का ते पाहावे, मग संकरणाचे नाव द्यावे.

डी कक्षकांची (एस आणि पीच्या पुढच्या प्रकारची) कथा याहून वाईट. संगणकीय गणिताने सल्फर हेक्साफ्लोराइडमधला डीचा वाटा किरकोळ ठरवून काही दशके झाली. तरी प्रवेश परीक्षेत त्याला ‘एसपी३डी२’ (दोन डी कक्षकही मिसळलेले) लिहिल्याशिवाय गुण मिळत नाहीत.