सुट्या भागांचा संगणक: कोटेशनमागची चाळीस वर्षं

घरी कामासाठी डेस्कटॉप जुळवायचा म्हटलं की दुकानदाराकडून येणारं कोटेशन साधारण सारखंच असतं. प्रोसेसर, बोर्ड म्हणजे मदरबोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस म्हणजे वीज पुरवणारा डबा, कॅबिनेट, बजेटात बसलं तर ग्राफिक्स कार्ड, शेवटी मॉनिटर आणि यूपीएस. आठ-नऊ ओळींचा कागद, पण त्यातली एकेक ओळ वेगवेगळ्या सालातली आहे. ग्राफिक्स कार्ड ‘दोन स्लॉट जाडीचं’ आहे असं म्हणताना आपण दोन स्लॉटमधलं, म्हणजे बोर्डावर कार्ड खोचायच्या दोन खाचांमधलं, अंतर ०.८ इंच धरतो. हे माप आयबीएमच्या १९८३ च्या पीसी/एक्सटी या संगणकाचं. त्याआधीच्या पीसीत ते एक इंच होतं. पाचाऐवजी आठ स्लॉट बसवायचे म्हणून जागा आवळली गेली, आणि पुढे ती कुणी बदलली नाही.

पार्ट निवडण्याची ही मुभा कुणी उदार होऊन दिलेली नाही. ती घाईतून आली. आयबीएमला छोट्या संगणकांच्या बाजारात झटपट उतरायचं होतं. फ्लोरिडातल्या बोका रॅटन इथे डॉन एस्ट्रिजच्या हाताखालच्या छोट्या गटाला जेमतेम वर्ष मिळालं होतं. एरवी सगळं स्वतः बनवणाऱ्या कंपनीने म्हणून या वेळी बाजारातून वस्तू उचलल्या: इंटेलचा ८०८८ प्रोसेसर, मायक्रोसॉफ्टची ऑपरेटिंग सिस्टिम, टंडनचे फ्लॉपी ड्राइव्ह. हे टंडन म्हणजे सिरजंग लाल टंडन, भारतातून कॅलिफोर्नियात गेलेले उद्योजक. त्यांच्या उद्योगाची एक शाखा पुढे मुंबईत सीप्झ या निर्यात क्षेत्रातही आली. १२ ऑगस्ट १९८१ ला हा पीसी जाहीर झाला तेव्हा त्याचा वीजपुरवठा ६३.५ वॉटचा होता. आज एकट्या प्रोसेसरला तेवढी वीज लागते.

आयबीएमने आणखी एक गोष्ट केली. यंत्राबरोबर तांत्रिक पुस्तक विकायला ठेवलं आणि त्यात सर्किटचे आराखडे आणि बायॉसचा, म्हणजे यंत्र सुरू होताना आधी चालणाऱ्या मूळ प्रोग्रामचा, सगळा कोड छापून टाकला. इतरांनी कार्डं बनवावीत हा हेतू. बायॉसवर कॉपीराइट असल्यामुळे यंत्राची नक्कल मात्र होणार नाही, असा हिशेब असावा. तो चुकला. कॉम्पॅकने १९८२ च्या नोव्हेंबरात आयबीएमशी सुसंगत असा, म्हणजे त्याचेच प्रोग्राम चालवणारा, स्वतःचा संगणक जाहीर केला. १९८४ मध्ये फीनिक्स नावाच्या कंपनीने कॉपीराइटच्या कचाट्यात न सापडणारा बायॉस तयार केला आणि तो ज्याला हवा त्याला विकायला काढला. पद्धत सोवळ्याची होती. एका गटाने आयबीएमचा कोड वाचून फक्त ‘काय व्हायला हवं’ ते लिहून द्यायचं, आणि तो कोड कधी पाहिलाच नाही अशा माणसाने नव्याने प्रोग्राम लिहायचा. हा बायॉस विकत मिळू लागला आणि मदरबोर्ड बनवणं तैवानमधल्या कुठल्याही चलाख कारखान्याच्या आवाक्यात आलं. एमएसआय आणि गिगाबाइट १९८६ च्या, असूस १९८९ ची. कोटेशनमधल्या ‘बोर्ड’ या ओळीसमोरची बहुतेक नावं याच दहा वर्षांतली आहेत. १९८७ मध्ये आयबीएमने पीएस/२ मालिका काढून, नव्या मालकीच्या स्लॉटने दार पुन्हा लावायचा प्रयत्न केला. बाजाराने त्यातून कीबोर्ड-माऊसची गोल पिन, मॉनिटरची व्हीजीए पद्धत अशा गोष्टी घेतल्या, स्लॉट मात्र सोडून दिला.

आपल्याकडची गोष्ट जरा निराळी आहे. अमेरिकेत घरी संगणक जुळवणं मुख्यतः हौशी लोकांचं काम होतं, नंतर गेम खेळणाऱ्यांचं. इथे ‘असेंबल्ड’ मशीन पहिल्यापासून पोटापाण्याचं होतं. आयात शुल्क जबर, ब्रँडेड संगणक मध्यमवर्गाच्या आवाक्याबाहेर. १९८४ च्या नव्या संगणक धोरणाने दार किलकिलं झालं, १९९१ नंतर बरंच उघडलं, आणि १९९७ मध्ये भारत माहिती-तंत्रज्ञान करारात सामील झाल्यावर शुल्क टप्प्याटप्प्याने शून्याकडे निघालं. तोवर डीटीपीवाला म्हणजे संगणकावर छपाईची पानं लावणारा, हिशेब लिहिणारा, क्लासवाला, छोटा आर्किटेक्ट असे सगळे सुट्या भागांच्या रस्त्याला लागले होते.

मुंबईत तो रस्ता अक्षरशः एक रस्ता आहे: ग्रँट रोड स्टेशनजवळचा लॅमिंग्टन रोड. पाटीवर डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं लिहिलेलं असतं, ते नाव वापरणारा गिऱ्हाईक मला तरी भेटलेला नाही. थिएटरांचा आणि रेडिओच्या भागांचा हा रस्ता हळूहळू संगणकाचा झाला. ज्या गल्ल्यांत ट्रान्झिस्टर आणि ॲम्प्लिफायरचे बोर्ड मिळत तिथेच रॅमच्या पट्ट्या मिळू लागल्या. विकणारे हातही तेच, हातातला सोल्डरिंग गनही तोच. पुण्यात पासोड्या विठोबाच्या आसपास, बुधवार पेठेत, हेच लहान प्रमाणावर घडलं. कच्च्या बिलावर एक भाव, पक्क्या बिलावर दुसरा, आणि वॉरंटी म्हणजे दुकानदाराचा शब्द.

स्लॉट असलेल्या यंत्राचा मराठीला झालेला फायदा फारसा कुणी मांडत नाही. डॉसच्या काळात पडद्यावर देवनागरी दिसायची तर एक कार्ड लागे: जिस्ट कार्ड. त्याचं मूळ काम आयआयटी कानपूरचं, पुढे ते १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झालेल्या सी-डॅककडे आलं. कार्ड स्लॉटमध्ये खोचलं की डीबेस, वर्डस्टारसारखे इंग्रजीसाठी लिहिलेले प्रोग्राम भारतीय लिप्या दाखवू लागत. यंत्र बंद डब्यासारखं असतं, तर ही सोय बाहेरून कुणाला जोडता आली नसती. विंडोज आल्यावर कार्ड गेलं आणि त्याच्या जागी डोंगल आलं, म्हणजे प्रिंटरच्या पोर्टला लावायचं सॉफ्टवेअरचं कुलूप. त्यामुळे कित्येक डीटीपीवाल्यांनी पुढची अनेक वर्षं नवा बोर्ड घेताना प्रोसेसरआधी ‘पॅरलल पोर्ट आहे ना?’ हे विचारलं. चुकीचा प्रश्न नव्हता तो. कामाच्या मशीनचा सगळ्यात महाग भाग ते हजारो रुपयांचं सॉफ्टवेअर होतं.

त्या काळात जुळवणी जोखमीची होती. एटी या जुन्या पद्धतीच्या एसएमपीएसमधून बोर्डाकडे पी८ आणि पी९ असे दोन वेगळे प्लग येत, दिसायला जुळे. उलटे लावले तर बोर्ड खलास. म्हणून मंत्र होता: काळ्याला काळी. दोन्ही प्लगच्या काळ्या वायरी मधोमध, एकमेकींना लागून आल्या की बरोबर. कॅबिनेटच्या पुढच्या बटणापर्यंत थेट घरातला २३० व्होल्टचा प्रवाह यायचा, आणि बटण बदलताना त्याचा झटका खाल्लेला मी एकटा नसणार. साउंड कार्ड लावायचं तर त्याला इंटरप्टचा, म्हणजे प्रोसेसरला हाक मारण्याचा, असा आकडा द्यायचा की तो दुसऱ्या कार्डाशी भांडू नये. हार्ड डिस्क आणि सीडी ड्राइव्ह एकाच चपट्या केबलवर, तर कोण मास्टर आणि कोण स्लेव्ह ते नखाएवढ्या जंपरने ठरवायचं. पत्र्याच्या कडांनी बोटं कापली जात ते निराळंच.

यातला बराच त्रास बोर्ड, कॅबिनेट आणि एसएमपीएससाठी इंटेलने १९९५ मध्ये ठरवलेल्या एटीएक्स मापाने संपवला. वीस पिनांचा एकच प्लग, तोही एकाच बाजूने बसणारा. पुढचं बटण आता बोर्डाला फक्त इशारा देतं, विजेचा प्रवाह त्यातून जात नाही. प्रोसेसर स्लॉटांच्या वाटेतून हलवला, त्यामुळे लांब कार्डं अडखळेनाशी झाली. मागची पोर्टं बोर्डावरच एकत्र आली. ३०५ बाय २४४ मिलिमीटर ही लांबी-रुंदी तेव्हाची, आणि २४४ बाय २४४ चा मायक्रो-एटीएक्स १९९७ च्या अखेरचा. घरी कामाला बहुतेकांना तोच पुरतो. २००४ च्या सुमारास खुद्द इंटेलने बीटीएक्स नावाने याला पर्याय आणून पाहिला, आणि तो दोन-तीन वर्षांतच गुंडाळला. तीस वर्षांपूर्वीच्या कॅबिनेटात आजचा बोर्ड बसतो, हे माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं सर्वांत कमी कौतुक झालेलं यश आहे. एसएमपीएसचं तसं नाही. २००० च्या पेंटियम ४ बरोबर १२ व्होल्टची चार पिनांची जादा वायर आली, नंतर मुख्य प्लग २४ पिनांचा झाला. म्हणून ‘जुना डबा चालेल, एसएमपीएस नवा घ्या’ हा सल्ला.

प्रोसेसरच्या खोबणीची गोष्ट लवकर सांगून होते. सॉकेट ७ च्या एकाच बोर्डावर पेंटियम, एएमडीचा के६ किंवा सायरिक्स, काहीही बसे. १९९७ मध्ये इंटेलने स्लॉट १ काढून स्वतःची वाट वेगळी केली. तेव्हापासून आधी कंपनी निवडायची आणि मग बोर्ड, हा क्रम आपल्या गळ्यात पडला. पुढे एएमडीने एएम४ हे सॉकेट २०१६ पासून अनेक वर्षं चालवलं, त्यामुळे बोर्ड तोच ठेवून प्रोसेसर बदलण्याची जुनी सवय थोडी परतली.

कामाच्या मशीनसाठी मला महत्त्वाची वाटते ती वेगळी घडामोड, आणि कोटेशनात तिचा पत्ताही नसतो. १९८१ च्या पीसीत प्रत्येक आठ बिटांमागे नववा बिट पहाऱ्याला होता, म्हणजे पॅरिटी. मेमरीत एक बिट उलटला की यंत्र संदेश देऊन जागच्या जागी थांबायचं. गैरसोयीचं खरं, पण चुकीचा आकडा गुपचूप खातेवहीत जाण्यापेक्षा बरं. नव्वदच्या दशकाच्या मध्यावर रॅम महाग आणि संगणक स्वस्त करण्याची चढाओढ, अशा कात्रीत हा नववा बिट कापला गेला. इंटेलच्या १९९५ च्या ४३० एफएक्स या गाजलेल्या चिपसेटला, म्हणजे बोर्डावर प्रोसेसर आणि रॅम यांची गाठ घालणाऱ्या चिपांच्या संचाला, पॅरिटी येतच नव्हती. हा पहारा पुढे ईसीसी या, चूक पकडून दुरुस्तही करणाऱ्या, सुधारित रूपात सर्व्हर आणि महागड्या वर्कस्टेशनपुरता उरला. आज डीडीआर५ या नव्या पिढीच्या रॅमच्या जाहिरातीत ‘ऑन-डाय ईसीसी’ लिहिलेलं असतं. ती चिपच्या पोटातली दुरुस्ती आहे. रॅम ते प्रोसेसर या वाटेवरची चूक ती पकडत नाही. एएमडीच्या काही घरगुती प्रोसेसरांवर खरी ईसीसी चालते, मात्र बोर्डानेही साथ द्यावी लागते, आणि हे दुकानात विचारलं तर समोरचा चेहरा कोरा होतो.

एसएमपीएसला आपण मान देऊ लागलो तो ठेच खाऊन. १९९९ च्या पुढे काही वर्षं बाजारात सदोष कपॅसिटर, म्हणजे बोर्डावरचे वीज साठवणारे छोटे डबे, पसरले. दोन-तीन वर्षांत त्यांची डोकी फुगत, वर तपकिरी पापुद्रा येई, आणि संगणक कारणाशिवाय मध्येच बंद पडू लागे. एका दिवाळी अंकाची पानं अर्धी लागलेली असताना माझा बोर्ड असाच गेला. दोष मी आठवडाभर विंडोजला देत होतो. शेवटी दुरुस्तीवाल्याने झाकण काढून नुसतं बोट दाखवलं. त्यात महाराष्ट्रातलं लोडशेडिंग. दिवसातून तासन्‌तास वीज जायची, आणि येताना झटका देऊन यायची. कॅबिनेटबरोबर ‘फुकट’ मिळणारा, लेबलावर ४५० वॉट लिहिलेला हलका एसएमपीएस त्यात टिकेना. वजन हातात तोलून तो निवडण्याची पद्धत तेव्हाची. थट्टेची वाटते, पण तिच्यात तथ्य होतं. २००४ मध्ये सुरू झालेल्या ८० प्लस प्रमाणपत्राने कार्यक्षमता मोजली जाऊ लागली. ते विजेच्या बचतीचं प्रमाणपत्र आहे, टिकाऊपणाचं नव्हे, हा फरक अजून बऱ्याच दुकानांत पोचायचा आहे.

ग्राफिक्स कार्डाची ओळ कामाच्या कोटेशनातून गळू लागली ती १९९९ पासून, इंटेलच्या ८१० चिपसेटमध्ये चित्र दाखवण्याची सोय आली तेव्हा. २०११ मध्ये ती प्रोसेसरच्या त्याच सिलिकॉनवर पोचली. मग २०१९ मध्ये इंटेलने नावापुढे एफ लावलेले, ही सोय बंद केलेले प्रोसेसर थोडे स्वस्तात विकायला काढले. तो घेऊन घरी आलेला माणूस मॉनिटरची केबल बोर्डाला लावतो आणि काळा पडदा बघत बसतो. हा फोन मला वर्षातून एकदा तरी येतो.

मॉनिटरच्या आकारात कराचाही हात आहे. २०१८ संपेपर्यंत २० इंचांपर्यंतच्या मॉनिटरवर १८ टक्के जीएसटी होता आणि त्यापुढे २८. १ जानेवारी २०१९ पासून १८ टक्क्यांची मर्यादा ३२ इंचांवर गेली, आणि २४ किंवा २७ इंची पडदा घरच्या टेबलावर येणं सोपं झालं.

भाव मात्र बहुतेक वेळा भलतीकडेच ठरले. २०११ च्या ऑक्टोबरात थायलंडला पूर आला, कारखाने पाण्याखाली गेले आणि जगभर हार्ड डिस्क कडाडल्या. २०२०-२१ मध्ये आभासी चलन खणणाऱ्यांनी आणि महासाथीतल्या टंचाईने ग्राफिक्स कार्डं पळवली. २०२५ च्या अखेरीस पाळी रॅमची आली. एआयच्या डेटा सेंटरांकडे मेमरी वळली आणि मायक्रॉनने क्रुशियल या नावाने घरगुती गिऱ्हाइकांना रॅम विकणं थांबवत असल्याचं डिसेंबरात जाहीर केलं. त्यामुळे कागदावरचा क्रम पुन्हा उलटा झाला आहे. ज्याच्या जुन्या मशीनमध्ये डीडीआर४ या आधीच्या पिढीच्या रॅमच्या दोन धडधाकट पट्ट्या आहेत, त्याने आधी त्या काढून पुसून ठेवायच्या, मग त्यांना चालेल असा बोर्ड शोधायचा, आणि प्रोसेसरचं नाव सगळ्यात शेवटी लिहायचं.