चाकांवरचे घर : वीज आणि उष्णता (मुंबई)

गाडीमागे ओढता येणाऱ्या किंवा स्वतःचे इंजिन असलेल्या घरात बारमाही राहताना विजेचा आणि उकाड्याचा जो मेळ घालावा लागतो, त्याविषयीची ही नोंद. अमेरिकेत अशा घराला ट्रेलर म्हणतात. मुंबईत ट्रेलर म्हटले की न्हावाशेव्याच्या बंदराकडे कंटेनर वाहून नेणारी लांबलचक गाडीच डोळ्यांपुढे येते, म्हणून येथे ‘चाकांवरचे घर’ असे म्हटले आहे. मुंबईत अशा घरात कायम राहणारे विरळाच. पण त्याच जातीची पत्र्याची खोकी शहरात जागोजाग आहेत : गोरेगावच्या चित्रनगरीत उभी असलेली व्हॅनिटी व्हॅन, मेट्रोच्या कामावरची पोर्टा केबिन, कंटेनर कापून केलेले साइट ऑफिस, ट्रकची केबिन. उन्हाच्या बाबतीत या सगळ्यांचे गोत्र एकच.

अमेरिकी ट्रेलर मुळात थंडी लक्षात घेऊन बांधलेला असतो. त्यात प्रोपेन वायूवर चालणारी भट्टी असते, नळ गोठू नयेत म्हणून सोय असते आणि अशा गाड्या मुक्कामाला लावण्याच्या तळावर उभे राहिल्यावर खांबावरून 120 व्होल्ट, 30 अँपिअरची, म्हणजे साधारण 3,600 वॅटची जोडणी मिळते. मुंबईत यातले काहीच जसेच्या तसे लागू पडत नाही. येथे दाब 230 व्होल्ट, तळ जवळपास नाहीत, आणि भट्टीच्या कप्प्यात फार तर कांदे-बटाटे ठेवावेत.

छप्पर. सगळा हिशेब येथून सुरू होतो. वीस फुटी कंटेनरचे छप्पर साधारण 6 मीटर लांब आणि 2.4 मीटर रुंद, म्हणजे चौदा-पंधरा चौरस मीटर असते. भर दुपारी चौरस मीटरला सुमारे 1,000 वॅट ऊन पडते. म्हणजे डोक्यावर चौदा किलोवॅटची शेगडी पेटलेली असते. दीड टनाचा एसी खोलीतून जेमतेम सव्वापाच किलोवॅट उष्णता बाहेर काढतो. आधी ऊन अडवा, मग यंत्राचे बघा, असे जाणकार सांगतात ते याच आकड्यांमुळे. मुंबई 19 अंश उत्तर अक्षांशावर असल्याने मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैच्या अखेरीस सूर्य थेट माथ्यावर येतो. जुलैत ढग असतात म्हणून निभावते. मेमध्ये छप्पर एकटेच सगळा मार खाते.

यावर सर्वांत स्वस्त उपाय पांढरा रंग. गडद पत्रा पडलेल्या उन्हातले बहुतेक शोषून घेतो, स्वच्छ पांढरा त्यातले बरेचसे परत फेकतो. मात्र मुंबईच्या धुळीत पांढरा रंग फार दिवस पांढरा राहत नाही, त्यामुळे छप्पर धुणे हेसुद्धा वीजबचतीचेच काम समजावे. दुसरा उपाय दुहेरी छताचा : पत्र्यापासून वीतभर उंचीवर दुसरे आच्छादन आणि मधून वारा. सौर पॅनेल हे काम फुकटात करतात. दुपारी दोन वाजता पॅनेलखालच्या पत्र्यावर तळहात ठेवून बघावा, ठेवता येतो. हातभर अंतरावरच्या उघड्या पत्र्यावर क्षणभरही टिकत नाही. पॅनेल छताला चिकटवून बसवले तर हा फायदा जातो, शिवाय पॅनेलही तापते. तापलेल्या पॅनेलची शक्ती 25 अंशांच्या पुढे दर अंशाला 0.3 ते 0.4 टक्के घटते. 60 अंशांवर ती दहा-बारा टक्क्यांहून अधिक गेलेली असते.

पत्र्याच्या बाजूने एक गोष्ट सांगायला हवी. सिमेंटचा स्लॅब दिवसभराची उष्णता साठवतो आणि रात्री बारा वाजेपर्यंत खाली सोडत राहतो. पत्र्याला साठवणच नसते. ऊन कलले की तास-दोन तासांत तो बाहेरच्या हवेइतका निवतो. त्यामुळे संध्याकाळी सातनंतर खिडक्या समोरासमोर उघडल्या तर पत्र्याचे खोके वरच्या मजल्यावरच्या फ्लॅटपेक्षा सुसह्य असू शकते. गाडी डांबरावर उभी केली तर हा फायदा निम्मा जातो, कारण रात्री डांबर खालून धग देत राहते.

वारा. दुपारचे खारे वारे पश्चिमेकडून येतात, आणि दुपारचे ऊनही तिकडूनच. म्हणून पश्चिमेची खिडकी बंद करायची नाही; तिच्यावर ताडपत्रीचा किंवा कापडी छज्जा काढायचा. मार्चमध्ये पूर्वेचे कोरडे वारे जोर करतात आणि खारे वारे यायला उशीर होतो, तेव्हा पारा अचानक चढतो. सांताक्रूझला 14 एप्रिल 1952 रोजी 42.2 अंशांची नोंद झाली होती. पण एरवी मुंबईचे खरे दुखणे पारा नव्हे, दमटपणा. किनाऱ्यावर कमाल तापमान 37 अंशांवर आणि सरासरीपेक्षा साडेचार अंशांनी वर गेले की हवामान खाते उष्णतेची लाट मानते, मैदानी भागात मात्र पारा किमान 40 व्हावा लागतो. हा फरक उगाच केलेला नाही.

याच दमटपणामुळे नागपूरचा कूलर येथे कामाचा नाही. कूलर पाणी हवेत मुरवून थंडावा देतो. मुंबईच्या हवेत पाणी आधीच मुरलेले असते. वाळ्याच्या पडद्याचेही तेच, सुगंध तेवढा मिळतो. घाम सुकायला हवा तर अंगावर वारा हवा. म्हणून या घराचा कणा पंखा.

दमटपणात आपणही भर घालतो. एक किलो गॅस जाळला की दीड किलोच्या आसपास पाण्याची वाफ तयार होते. भाताचे आधण वेगळेच. खिडकी लावून स्वयंपाक केला तर ही सारी वाफ गादीखाली जाते. पावसाळ्यात गादी उचलून पाहिली की प्लायवूडवर ओला नकाशा उमटलेला आणि चामड्याच्या पट्ट्यावर पांढरी बुरशी हे ठरलेले. गादीखाली फळ्यांची जाळी ठेवून हवा खेळती करावी लागते. इन्सुलेशनचा एक धडाही येथे उलटतो : थंड देशात बाष्प रोखणारा थर भिंतीच्या आतल्या बाजूला लावतात, कारण ओलावा आतून बाहेर जातो. एसी लावलेल्या मुंबईच्या घरात तो बाहेरून आत शिरतो, म्हणून तो थर बाहेरच्या अंगाला हवा. बाहेरून आणलेले ट्रेलर एसीवर चालवले की भिंतीच्या पोटात पाणी धरतात ते यामुळेच.

विजेचा ताळेबंद. साधा छताचा पंखा सुमारे 75 वॅट घेतो, बीएलडीसी, म्हणजे कमी वीज खाणाऱ्या ब्रशविरहित मोटरचा पंखा 30च्या आसपास. असे दोन पंखे सोळा तास चालले तर दिवसाला एक युनिट. बॅटरीवर थेट चालणारा छोटा डीसी फ्रिज अर्धे-पाऊण युनिट, दिवे, मोबाइल, लॅपटॉप मिळून आणखी अर्धे. म्हणजे दोन-सव्वादोन युनिटांत दोन माणसांचा संसार चालतो. त्यात रात्री आठ तास एक टनाचा इन्व्हर्टर एसी घातला की पाच-सहा युनिटे एकट्या एसीची. 12 व्होल्ट, 150 अँपिअर-तासांच्या शिसे-आम्ल बॅटरीत 1.8 युनिट असते, पण ती निम्म्याहून खाली उतरवली तर आयुष्य घटते. म्हणजे एसीसाठी अशा सहा-सात बॅटऱ्या, प्रत्येकी पन्नास किलोंच्या वर. चाकांवर हे ओझे परवडत नाही. लिथियम आयर्न फॉस्फेटची 100 अँपिअर-तासांची बॅटरी दहा-बारा किलोंची असते आणि तिच्यातले जवळजवळ सगळे वापरता येते. किंमत अर्थातच चटका देणारी. कोणत्याही बॅटरीला उकाडा मानवत नाही. शिसे-आम्ल बॅटरीचे आयुष्य 25 अंशांच्या पुढे दर आठ-दहा अंशांना निम्मे होते असा ठोकताळा आहे. म्हणून ती सावलीत, हवेशीर कप्प्यात ठेवावी. खाऱ्या हवेत तिच्या टर्मिनलवर हिरवट-पांढरी भुकटी धरते. ती गरम पाण्याने पुसून वर पेट्रोलियम जेलीचे बोट फिरवतात.

छतावर 400 वॅटची चार पॅनेल बसतात. मार्च ते मे दिवसाला सहा युनिटांच्या आसपास मिळतात, पावसाळ्यात निम्म्यावर येतात आणि झडीच्या दिवशी त्याहूनही खाली. 12 व्होल्टवर 1,000 वॅट घ्यायचे तर 83 अँपिअर वाहतात, त्यासाठी तार बोटाएवढी जाड लागते. इन्व्हर्टर म्हणूनच बॅटरीला खेटून बसवावा.

जोडणी. मुंबई शहरात बेस्ट, उपनगरांत अदानी आणि टाटा, भांडुप-मुलुंडकडे महावितरण अशी विजेची वाटणी आहे. भारनियमन मुंबईकराच्या सवयीचे नाही, म्हणून घरात इन्व्हर्टरही सहसा नसतो. 12 ऑक्टोबर 2020ला शहर अंधारात गेले तेव्हा ही उणीव सर्वांनाच जाणवली. चाकांवरच्या घराला पत्ता नसल्यामुळे मीटर मिळणे अवघड. मढ, गोराई, उत्तनकडे कुणाच्या वाडीत गाडी लावून त्यांच्या घरातून तार ओढणे हाच बहुतेकांचा मार्ग. मंजूर जागेबाहेर वीज नेणे हा वीज अधिनियम 2003च्या कलम 126 खाली अनधिकृत वापर ठरू शकतो, हे वाडीवाल्या काकांना आधी सांगितलेले बरे. तार जमेल तेवढी आखूड, 16 अँपिअरसाठी किमान अडीच चौरस मिलिमीटर तांब्याची, आणि पूर्ण उलगडलेली हवी. गुंडाळी तशीच ठेवून एसी चालवला की ती गुंडाळीच तापून वितळते. रबरी टायरांमुळे गाडीला अर्थिंग नसते. 30 मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळू लागताच ती तोडणारा स्विच) आणि जमिनीत ठोकलेला अर्थिंगचा गज यांत कुचराई केली तर पावसात दाराची कडी शॉक देते.

जनरेटर हा व्हॅनिटी व्हॅनवाल्यांचा उपाय. रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत निवासी भागात आवाजाची मर्यादा 45 डेसिबल आहे, त्यामुळे राहत्या घराला तो फारसा उपयोगी नाही. शिवाय त्याच्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड वास न येता आत शिरतो. इंजिनवर चालणाऱ्या एसीचेही असेच. 1 ऑक्टोबर 2025पासून नव्या मध्यम व जड ट्रकांच्या केबिनमध्ये एसी बंधनकारक झाला, पण इंजिन बंद करून झोपलेल्या ड्रायव्हरला तो वारा देत नाही. वडाळ्याच्या ट्रक टर्मिनलवर म्हणूनच दोन्ही दारे उघडी आणि डॅशबोर्डवर 24 व्होल्टचा छोटा पंखा दिसतो.

पावसाळा. 26 जुलै 2005 रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत 944 मिलिमीटर पाऊस झाला. एवढा पाऊस रोज होत नाही, पण गुडघाभर पाणी दरवर्षी कुठे ना कुठे साचतेच, आणि या घरांत बॅटरी बहुधा फरशीखालच्या कप्प्यात असते. मेअखेरीस ती पलंगाच्या उंचीवर आणतात, छताच्या सांध्यांना सीलंट भरतात आणि बाहेरच्या प्लगवर टोपण बसवतात. ताडपत्री छतावर टाकताना पॅनेल झाकले जाणार नाही एवढे पाहायचे असते. पहिल्या पावसाच्या घाईत नेमके तेच विसरते.