लेयर मास्क आणि क्लिपिंग मास्क: जास्वंदीच्या पाचव्या पाकळीचा घोळ

फोटोशॉपमध्ये फूल काढायला बसलं की पहिल्या अर्ध्या तासातच 'मास्क' हा शब्द दोनदा आडवा येतो. एकदा लेयर मास्क म्हणून (लेयर म्हणजे पारदर्शक कागदासारखा चित्राचा एकेक थर), एकदा क्लिपिंग मास्क म्हणून. दोन्ही काहीतरी झाकतात, दोन्हींत मूळ चित्र पुसलं जात नाही, त्यामुळे नवखा माणूस दोन्ही एकच धरून चालतो. मीही बरेच दिवस तसंच धरलं होतं. फरक डोक्यात बसला तो जास्वंद काढताना, म्हणून तीच घेऊ.

जास्वंदीच्या पाकळ्या पाच. आधी एकच काढायची, नुसता लाल आकार: बुडाशी अरुंद, वर पसरट, कड थोडी चुणीदार. मग तिच्यात जीव ओतायचा. तळाशी गडद किरमिजी छटा, तिथून वर फाकत जाणाऱ्या शिरा, कडेला जरासा उजेड. मऊ ब्रशने हे करताना रंग पाकळीबाहेर सांडतोच. इथे लागतो क्लिपिंग मास्क. पाकळीच्या वर नवा लेयर घ्या आणि लेयर पॅनलमध्ये त्या दोघांच्या मधल्या रेषेवर ऑल्ट दाबून क्लिक करा. वरचा लेयर किंचित आत सरकतो, त्याच्यापाशी खाली वळलेला छोटा बाण येतो. आता ब्रश कितीही बेफाम फिरवा, रंग पाकळीच्या आतच दिसणार. गंमत अशी, की यात मास्क नावाची वेगळी वस्तू तयारच होत नाही. वरच्या लेयरने खालच्याचा आकार उसना घेतला, एवढंच. खालची पाकळी अर्धपारदर्शक केली तर वरच्या शिराही तितक्याच फिक्या होतात, कारण उसनवारी पारदर्शकतेचीच आहे.

लेयर मास्क उसनं काही घेत नाही. तो ज्या लेयरला लावाल त्याच्याच थंबनेलशेजारी (लेयर पॅनलमधल्या छोट्या चित्राशेजारी) दुसरं थंबनेल होऊन बसतो, आणि ते स्वतंत्र काळं-पांढरं चित्र असतं. पांढरं तिथे लेयर दिसतो, काळं तिथे लपतो, करडं तिथे अर्धवट दिसतो. 8 बिटच्या फाइलमध्ये काळ्यापासून पांढऱ्यापर्यंत 0 ते 255 अशा 256 पायऱ्या मिळतात. आकार तुम्ही रंगवाल तो. काळ्याने जास्त झाकलं गेलं तर एक्स दाबून पांढरा रंग पुढे आणायचा आणि झाकलेलं परत उघडायचं. खोडरबराने हे होत नाही, म्हणून फुलाच्या कामात मी तो जवळजवळ वापरतच नाही.

ज्या चुकीने मी एक अख्खी संध्याकाळ घालवली, ती याच दुसऱ्या थंबनेलची. पाकळीला लेयर मास्क होता आणि मला तिच्या टोकाला गर्द लाल छटा द्यायची होती. रंग निवडला, ब्रश फिरवला, तर टोक गर्द व्हायच्या ऐवजी विरायला लागलं. आणखी रंग लावला, आणखी विरलं. आपण कशावर रंगवतोय ते दाखवणारी चौकट लेयरच्या थंबनेलभोवती नव्हती, मास्कच्या थंबनेलभोवती होती. मास्कला लाल कळतच नाही, त्याला फक्त करडा कळतो. रंगपेटीत निवडलेला लाल करडा दिसायला लागला की थांबायचं: आपण चुकीच्या जागी रंगवतोय.

सरकवताना आणखी एक फरक उघडा पडतो. लेयर मास्क साखळीच्या चिन्हाने लेयरला बांधलेला असतो, पाकळी फिरवली की तोही फिरतो. क्लिप केलेला लेयर तसा बांधलेला नसतो. फक्त खालची पाकळी निवडून फिरवली तर पाकळी वळते आणि शिरा जागच्या जागी राहतात. म्हणून एक पाकळी मनासारखी झाली की तिचे सगळे लेयर निवडून त्यांचा स्मार्ट ऑब्जेक्ट (एकाच लेयरसारखं वागणारं गाठोडं) करावा आणि मगच बुडाचा बिंदू धरून 72-72 अंशांनी फिरवलेल्या चार प्रती काढाव्यात. सावलीचा इफेक्ट मात्र प्रती काढून झाल्यावर बाहेरून द्यावा. तो आत राहिला तर पाकळीबरोबर फिरतो आणि पाच पाकळ्यांच्या सावल्या पाच दिशांना पडतात.

दुसरं सॉफ्टवेअर वापरणाऱ्यांसाठी थोडक्यात: इलस्ट्रेटरमधल्या क्लिपिंग मास्कमध्ये आकार देणारी वस्तू सगळ्यात वर असते, म्हणजे फोटोशॉपच्या बरोबर उलट. क्रितामध्ये हेच काम 'इनहेरिट अल्फा' करतो, पण तो गटातल्या खालच्या सगळ्या लेयरचा आकार घेतो, म्हणून पाकळीचा वेगळा गट करावा लागतो.

आता खरी गंमत. जास्वंदीत प्रत्येक पाकळीची एक कड एका शेजारणीवर असते आणि दुसरी कड दुसऱ्या शेजारणीखाली, असं चक्र पुरं होतं. लेयर मात्र एकावर एक रचलेले असतात, त्यांना चक्र ठाऊक नाही. दुसरी पहिलीवर, तिसरी दुसरीवर असं करत पाचवी येते ती चौथीवरही चढते आणि पहिलीवरही. ती पहिलीखाली जायला हवी. लेयरची जागा बदलून हे सुटत नाही, कारण पाचवी खाली नेली की ती चौथीच्याही खाली जाते.

इथे लेयर मास्क. पाचवीला मास्क लावा, कंट्रोल दाबून पहिलीच्या थंबनेलवर क्लिक करा म्हणजे तिच्या आकाराचं सिलेक्शन होईल, आणि पाचवीच्या मास्कवर त्या सिलेक्शनच्या आत, जिथे ती पहिलीवर चढली आहे तिथेच, काळं फिरवा. पहिलीची कड वर येते. मास्क त्या एका प्रतीचाच असल्यामुळे बाकीच्या चौघींना धक्का लागत नाही. अगदी बुडाशी थोडी गर्दी उरते, ती केसरांच्या दांड्याखाली झाकली जाते.

पण पाकळ्यांना सावलीचा इफेक्ट असेल तर पाचवीची नवी कापलेली कड पहिलीवर सावली टाकायला लागते, आणि खालच्या पाकळीची सावली वरच्या पाकळीवर, असा विचित्र प्रकार दिसतो. पाचवीच्या ब्लेंडिंग ऑप्शन्समध्ये 'लेयर मास्क हाइड्स इफेक्ट्स' वर खूण केली की ती जाते. उरते ती पहिलीची पाचवीवर पडायला हवी होती ती सावली. ती हातानेच रंगवायची: पाचवीच्या वर नवा लेयर, तो पाचवीला क्लिप केलेला, आणि मऊ ब्रशने कडेलगत हलका गडद रंग. पाचवीचा मास्क जिथे संपतो तिथेच ही सावलीही थांबते, पहिलीवर एक ठिपकाही सांडत नाही.