मॅट किती रात्रींची?

परवा आमच्या ट्रेक ग्रुपवर एका नव्या पोरीने विचारलं, "दादा, ट्रेकला झोपायची मॅट घ्यायचीय, इको-फ्रेंडली कुठली?" आणि मग व्हॉट्सॲपवर जे होतं तेच झालं, एकाने फुगवायच्या मॅटची लिंक टाकली ज्यावर हिरवं पान छापलेलं होतं, दुसरा म्हणाला साधी फोमवाली घे, कशाला पैसे घालवते, तिसरा म्हणाला घोंगडी घे ना, आपल्या आजोबांनी कुठे मॅट वापरली होती. मी गप्प बसलो, कारण उत्तर दोन ओळीत मावणारं नव्हतं. ते आता इथे लिहितोय.

आधी मॅट लागतेच कशाला ते बघू. हरिश्चंद्रगडावर डिसेंबरात गुहेत झोपलेल्या कुणालाही विचारा, थंडी वरून कमी आणि खालून जास्त वाजते. सह्याद्रीचा काळा बेसॉल्ट हवेच्या साधारण ६५ पट वेगाने उष्णता वाहून नेतो, म्हणजे तुम्ही त्याच्यावर आडवे झालात की रात्रभर तो तुमच्या पाठीतून ऊब शोषत बसतो. स्लीपिंग बॅग कितीही भारी असू दे, अंगाखालचा तिचा भाग वजनाने चेपला जातो, त्यातली हवा निघून जाते आणि उरतं नुसतं कापड. मॅटचं काम एवढंच, की चेपणार नाही अशी थोडी हवा पाठीखाली धरून ठेवायची. फोम म्हणजे तरी काय, लाखो छोट्या फुग्यांत कोंडलेली हवाच. ऊब हवा राखते, प्लास्टिक फक्त तिला हलू देत नाही.

ही ऊब राखायची ताकद आर-व्हॅल्यूमध्ये मोजतात. पूर्वी प्रत्येक कंपनी आपापल्या पद्धतीने मोजायची आणि वाट्टेल तो आकडा छापायची, मग २०१८ मध्ये एएसटीएम या अमेरिकन संस्थेने मोजायची एक ठरलेली पद्धत आणली. मॅट दोन पत्र्यांच्या मधे ठेवायची, वरचा ३५ अंश, म्हणजे जवळपास आपली कातडी, खालचा ५ अंश, म्हणजे थंड जमीन, आणि वरचा पत्रा तेवढाच गरम ठेवायला किती वीज लागते ते बघायचं. बास. साधारण १ सेंटीमीटर जाडीच्या चांगल्या फोमला दीडच्या आसपास आर-व्हॅल्यू मिळते, आणि मॅटवर मॅट टाकली की आकड्यांची सरळ बेरीज होते (हे फार उपयोगी आहे, लक्षात ठेवा). आपल्या सह्याद्रीत हिवाळ्यातसुद्धा १ ते २ मध्ये भागतं. हिमालयात बर्फावर तंबू लावणार असाल तर ४-५ लागते. आता जो माणूस वर्षातून दोनदा राजमाचीला जातो तो साडेचारवाली मॅट का घेतो, तर सेल लागलेला असतो म्हणून.

आता पर्यावरणाचा हिशोब. एखादी वस्तू किती 'हिरवी' हे ठरवायची एक रीतसर पद्धत आहे, जीवनचक्र मूल्यमापन म्हणतात तिला. १९६९ मध्ये कोका-कोला कंपनीने बाटली बरी की कॅन हे तपासायला एक अभ्यास करून घेतला, तिथपासून ही पद्धत सुरू झाली असं मानतात. कच्चा माल, कारखाना, वाहतूक, वापर आणि शेवटी कचरा, सगळ्याची बेरीज मांडायची. पण या पद्धतीतली खरी मेख वेगळीच आहे. तुलना वस्तूची वस्तूशी करायचीच नाही, वस्तूने केलेल्या कामाची कामाशी करायची. रंगाची तुलना डब्याला डबा लावून होत नाही, एक भिंत अमुक वर्षं रंगलेली ठेवायला किती रंग लागला यावर होते. मॅटचं काम काय? एका माणसाची एक रात्र जमिनीपासून वाचवणं. म्हणजे मोजायचं ते 'दर रात्री' मोजायचं, दर मॅट नाही.

ढोबळ हिशोब करून बघू. आपण सगळे जी गुंडाळी करून सॅकला बांधतो ती फोमची मॅट २५० ग्रॅमच्या आसपास भरते. ती पॉलिथिलीनची असते नाहीतर इव्हीएची, म्हणजे स्लीपरच्या तळव्याच्या जातीतली. या प्लास्टिकच्या किलोमागे २ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड पडतो, त्यात फोम फुगवायची वीज आणि ट्रकचं डिझेल धरलं तरी अख्खी मॅट १ किलोत बसवू. फुगवायची मॅट अर्ध्या किलोची, पण ती बहुतेक नायलॉनची आणि नायलॉन महागात पडतं, किलोला ७ किलोच्या आसपास. याचं एक कारण गमतीशीर आहे. नायलॉन ६,६ या प्रकाराला ॲडिपिक ॲसिड लागतं आणि ते बनवताना नायट्रस ऑक्साइड सुटतो, तोच तो दातांच्या डॉक्टरकडचा लाफिंग गॅस, जो शंभर वर्षांच्या हिशोबात कार्बन डायऑक्साइडपेक्षा २७० पटींहून जास्त तापवतो. काही कारखाने तो पकडून नष्ट करतात, काही नाही करत. तर नायलॉन, आतला हवा धरून ठेवणारा टीपीयूचा (रबरासारख्या लवचिक प्लास्टिकचा) थर, व्हॉल्व्ह, पंप, पिशवी, खोका सगळं मिळून ५ किलो धरा.

म्हणजे फोम जिंकला? थांबा. फोमची मॅट ४० रात्री टिकली तर रात्रीला २५ ग्रॅम. फुगवायची २०० रात्री टिकली तर तिचेही रात्रीला २५ ग्रॅमच! आणि तीच मॅट १० रात्री वापरून माळ्यावर गेली, तर रात्रीला ५०० ग्रॅम, वीसपट. मॅट तीच, कारखाना तोच, हिरवं पानही तेच.

आणि हे सगळं कशाच्या शेजारी ठेवायचं तेही बघा. पुण्याहून हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याचं खिरेश्वर जाऊन-येऊन अडीचशे किलोमीटर धरले, गाडी लिटरला १५ देते असं धरलं, तर १६-१७ लिटर पेट्रोल जळतं. लिटरला २.३ किलो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे ३८ किलो, चौघांत वाटले तर माणशी साडेनऊ. एका वीकेंडला माणशी साडेनऊ किलो आणि मॅट आयुष्यभराची ५ किलो! एसटीने गेलात तर हा आकडा धाडकन खाली येतो, पण एसटीचा विषय काढला की ग्रुपवर शांतता पसरते.

तर मग कार्बनच्या बाबतीत मॅट तशी किरकोळ आहे. तिचा खरा त्रास ती मरते कशी यात आहे.

माझी पहिली मॅट निळी होती, सॅकच्या बाहेर आडवी बांधलेली. करवंदीच्या जाळीतून जाताना काटा अडकायचा, आपण पुढे ओढायचो आणि टुचकन एक तुकडा तुटायचा. दोन वर्षांनी उलगडून बघितली तर दोन्ही टोकांना उंदराने कुरतडल्यासारखे चावे होते, मोजले तर पस्तीसच्या वर. म्हणजे पस्तीस निळे तुकडे मी सह्याद्रीत कुठे कुठे पेरून आलो होतो. ते उन्हात कडक होणार, चुरा होणार, पावसात ओढ्याला लागणार, पण नाहीसे होणार नाहीत. त्या दिवसापासून मॅट सॅकच्या आत, उभी गोल घालून, आणि बाकीचं सामान त्या नळकांड्यात. सॅकला आकारही छान येतो.

जुनी झाली की भंगारवाला घेईल असं वाटत असेल तर विसरा. एक तर फोम म्हणजे नव्वद टक्के हवा, त्याचा टेम्पो भरला तरी काट्यावर काही दिसत नाही. दुसरं म्हणजे हे फोम टिकाऊ व्हावेत म्हणून त्यांच्या रेणूंच्या साखळ्या एकमेकींना आडव्या टाक्यांनी शिवून टाकलेल्या असतात. साधं प्लास्टिक तुपासारखं असतं, वितळवा, थिजवा, परत वितळवा. हे शिवलेलं प्लास्टिक म्हणजे उकडलेलं अंडं, कितीही तापवा, परत पातळ होत नाही, करपतं. म्हणून ते वितळवून नवीन काही ओतता येत नाही. आणि कृपा करून शेकोटीत टाकू नका, विशेषतः पीव्हीसीची स्वस्त फुगवायची गादी, तिच्यातून हायड्रोक्लोरिक ॲसिडची वाफ आणि डायॉक्सिन निघतात, नायलॉन आणि पॉलियुरेथेनमधून हायड्रोजन सायनाइड. मक्याचं कणीस त्याच आगीवर भाजताय ना?

फुगवायच्या मॅटचं मरण वेगळं. या मॅटची गोष्टही मजेची आहे, १९७१ मध्ये सिएटलला बोईंगमधून इंजिनिअरांची मोठी कपात झाली, त्यातल्या जिम ली आणि नील अँडरसन या दोघांनी, ली गिर्यारोहक होता, उघड्या छिद्रांचा फोम हवाबंद कापडात चिकटवून व्हॉल्व्ह लावला आणि थर्म-ए-रेस्ट जन्माला आली. व्हॉल्व्ह उघडला की फोम स्वतःच फुलतो आणि हवा ओढून घेतो. कल्पना झकास, पण फोम, गोंद, कापड अशी तीन लग्नं लावलेली वस्तू काडीमोड घ्यायला तयार नसते. नुसता फोम वेगळा मिळाला तर तुकडे करून, दाबून त्याच्या रीबॉन्डेड गाद्या होतात, आपल्याकडे गादीवाल्यांकडे मिळतात त्या. कापड चिकटलेल्या फोमला कुणी विचारत नाही. आणि तो गोंदच एक दिवस आतून सुटतो, मग मॅटला मधेच टेंगूळ येतं, हळूहळू त्याचा फुटबॉल होतो, त्याला घरगुती इलाज नाही. मॅट तोंडाने फुगवली की श्वासातली वाफ आत जाऊन बसते, ती बुरशीला आयतीच मिळते. उन्हात गाडीच्या डिकीत फुगवलेली मॅट ठेवणं हा दुसरा मार्ग, तापलेली हवा प्रसरण पावते आणि आतले जोड सुटतात.

पंक्चरला मात्र इलाज आहे. माझी एकदा रतनगडावर रात्री दोन वाजता बसली, सकाळी पाठीत बेसॉल्टचा छाप. घरी येऊन मी शहाणपणा करून ती कोपऱ्यावरच्या सायकल पंक्चरवाल्याकडे नेली. त्याने दोन मिनिटांत टबात बुडवून बुडबुडे शोधले, बॉलपेनने गोल केला, घासलं, सोल्युशन लावलं, पॅच ठोकला, म्हणाला दहा रुपये द्या. संध्याकाळी पॅच पापडासारखा निघाला. चूक त्याची नाही, ते सोल्युशन रबरासाठी आहे, ट्यूबच्या रबराशी ते एकजीव होतं, टीपीयूशी त्याचं काही नातं नाही. त्याला युरेथेनचा गोंद लागतो, आधी स्पिरिटने जागा पुसायची, लावल्यावर रात्रभर वजन ठेवायचं. तसा लावलेला पॅच आज सहा वर्षं टिकून आहे. गोंदाची एक ट्यूब आणि एक रात्र, आणि २०० रात्रींचा आकडा गाठायची शक्यता निर्माण झाली. मॅट घेताना दुकानदाराला एवढंच विचारायचं, की व्हॉल्व्ह सुटा मिळतो का. तो कसा बघतो त्यावरून बरंच कळतं.

लेबलांबद्दल थोडक्यात. 'रिसायकल्ड' लिहिलेलं असतं तेव्हा ते बहुधा वरच्या कापडाबद्दल असतं, फोम, थर आणि व्हॉल्व्ह नवेच. पाणी न चिकटणारं कोटिंग असेल तर 'पीएफएएस-फ्री' आहे का बघा, कारण पीएफएएस ही अशा कोटिंगमधली रसायनं निसर्गात तुटत नाहीत, त्यातल्या पीएफओए या एकाला तर २०१९ मध्ये स्टॉकहोम कराराच्या, म्हणजे टिकून राहणाऱ्या घातक रसायनांना आळा घालणाऱ्या जागतिक कराराच्या यादीत टाकलं. तसंही आतला टीपीयूचा थर पाणी अडवतोच, वर अजून कोटिंग कशाला हे मला कळलेलं नाही. आणि नव्या फोमचा वास. इव्हीए फुगवायला एक रसायन वापरतात, त्यातून फॉर्मामाइड मागे राहू शकतं, लहान मुलांच्या कोड्यासारख्या जोडायच्या मॅटमध्ये ते सापडलं म्हणून २०१० च्या अखेरीस बेल्जियम आणि फ्रान्सने त्या बाजारातून काढायला लावल्या होत्या. नायट्रोजन वायूने फुगवलेला फोमही मिळतो, त्यात ही भानगड नसते, पण तो महाग. साधी मॅट घेतलीत तर चार दिवस गॅलरीत वारा लागू द्या.

राहिली घोंगडी. गंमत अशी, की लोकरीचा किलोचा हिशोब मांडला तर मेंढीच्या पोटातला मिथेन धरून तो नायलॉनलाही मागे टाकतो. पण आपली दख्खनी मेंढी धनगर लोकरीसाठी पाळत नाहीत, मटणासाठी आणि शेतात बसवून खतासाठी पाळतात, लोकर जाडीभरडी, तिला भाव नाही, पुष्कळदा फेकूनच देतात. मग तो सगळा मिथेन लोकरीच्या माथी मारायचा की मटणाच्या? यावर अभ्यासकांचीही भांडणं होतात. मी म्हणतो मटणाच्या, कारण मी मटण खातो आणि मला माहितीय. चिंचोक्याची खळ लावलेली घोंगडी पिढीभर टिकते, म्हणजे दर रात्रीच्या हिशोबात हिला कोण हरवणार, फक्त दोन-अडीच किलो वजन, आणि भिजली तर विचारू नका. गाडी पायथ्याशी जाते तिथे मुक्काम असेल तर माझं मत घोंगडीला.

आणि त्या पोरीला मी नंतर काय सांगितलं? "अगं, पहिलं वर्ष घेऊच नको." हरिश्चंद्रगडाच्या पायथ्याला पाचनईत गावातली पोरं तंबू आणि मॅट भाड्याने देतात. ती मॅट सीझनला दर शनिवारी कुणाच्या तरी पाठीखाली असते, एका हिवाळ्यात तिच्या जेवढ्या रात्री होतात तेवढ्या माझ्या तीन वर्षांत होत नाहीत. वर पैसे गावात राहतात. कळकट असते, मान्य, वर चादर टाकायची. वर्षभर जाऊन आवड टिकली तर मग फोमची घे, सॅकच्या आत ठेव, आणि हिमालयात जायचं ठरलं तर तिच्याखाली-वर अजून एकेक टाक, बेरीज होतेच.

माझ्या त्या निळ्या मॅटचे आता पाच तुकडे झालेत. दोन बसायला, एक स्कूटरच्या डिकीत, एक मांजराने बळकावलाय. पाचवा आईकडे आहे, थंडीत दह्याच्या भांड्याभोवती गुंडाळून वर सुतळी बांधते. जानेवारीतसुद्धा सकाळपर्यंत दही घट्ट लागतं.